आईपणाची कैफियत

दरबारी चित्रात राजसत्ता सहसा आपला डौल दाखवते. व्हर्सायच्या राजवाड्यातलं फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत आणि तिच्या मुलांचं चित्र डौलाइतकीच कैफियतही मांडतं. एलिझाबेथ विजे-लब्रँ या चित्रकर्तीने ते १७८७ मध्ये पुरं केलं. त्याआधी १७८५ मध्ये रत्नहाराचं प्रकरण गाजलं होतं: राणीलाच तो गुपचूप हवा आहे असं भासवून ठकांनी कार्डिनल रोआँकडून एक महागडा हार खरेदी करवला होता. राणीचा त्यात हात नव्हता, पण १७८६ च्या मे महिन्यात पॅरिसच्या न्यायालयाने कार्डिनल रोआँला निर्दोष सोडलं. राणी असा छुपा व्यवहार करू शकते, हा रोआँचा समज न्यायालयाला अशक्य वाटला नाही, एवढाच अर्थ लोकांनी त्यातून काढला. अशा वेळी दरबाराने पुढे केलं ते राणीचं आईपण. फ्रान्सच्या गादीवर स्त्रीला हक्क नव्हता. वारसाची आई हेच राणीचं सर्वांत भक्कम स्थान होतं.

चित्राची मांडणी या हेतूला धरूनच आहे. अंगावर लाल मखमल, मांडीवर धाकटा लुई-शार्ल, दंडाला बिलगलेली मारी-तेरेझ, आणि रिकाम्या पाळण्याकडे बोट दाखवणारा युवराज लुई-जोसेफ. पाळणा रिकामा आहे, कारण धाकटी सोफी वर्षाची होण्याआधीच, जून १७८७ मध्ये गेली. मागे सावलीत दागिन्यांचं कपाट आहे. आपली मुलं हेच आपले अलंकार, असं सांगणाऱ्या रोमन कॉर्नेलियाची कथा त्या काळच्या सुशिक्षित प्रेक्षकाला ठाऊक होती. हार नाकारणारी राणी, हा इशारा त्याला सहज कळावा. तरीही त्या वर्षीच्या प्रदर्शनात चित्र वेळेवर लागलं नाही, आणि रिकाम्या चौकटीकडे बोट दाखवून ‘हीच ती तूट’ असा, तिजोरीतल्या तुटीचं खापर राणीवर फोडणारा टोमणा मारला गेल्याचं सांगतात.

यावर कुणी म्हणेल की राज्याची तूट चित्राने भरून निघणार नव्हती, मग अपयशाचा ठपका चित्रावर कशाला? आक्षेप रास्त आहे. १७८८ च्या खर्चात दरबाराचा वाटा सुमारे सहा टक्के होता, निम्म्याच्या आसपास रक्कम कर्जफेडीत जात होती, आणि त्या कर्जाचा मोठा भाग अमेरिकेतल्या युद्धाने वाढवला होता. पण म्हणूनच चित्राची चूक नेमकी दिसते. प्रश्न राज्याच्या हिशेबाचा होता आणि उत्तर राणीच्या शीलाचं दिलं गेलं. राणीविरुद्ध पत्रकं छापणाऱ्यांनी राज्याचं दिवाळं एका बाईच्या चारित्र्यावर घातलंच होतं. तिची बाजू मांडणाऱ्यांनीही वाद त्याच मैदानात लढायचं मान्य केलं.

दुसरा आक्षेप असा, की ही पश्चातबुद्धी आहे. रूसोच्या ‘एमिल’ या ग्रंथानंतर मुलांत रमणारी आई हा आदर्शच झाला होता, मग दरबाराने तो का उचलू नये? उचलावा, राणीची माया खोटी होती असंही नाही. पण खासगी गुणाला सार्वजनिक पुरावा म्हणून एकदा हजर केलं की त्याची उलटतपासणी करण्याचा हक्क विरोधकालाही मिळतो. क्रांतीनंतर राणीवर चाललेल्या ऑक्टोबर १७९३ च्या खटल्यात क्रांतिकारक पत्रकार एबेरने तिच्यावर पोटच्या मुलाशी अनैतिक संबंधांचा आरोप ठेवला. तिने हजर असलेल्या सर्व आयांना साद घातली. सभागृह क्षणभर हेलावलं, देहदंडाची शिक्षा टळली नाही. आरोप एबेरच्या विकृतीतून आला, चित्रामुळे नव्हे. पण आईपण हा राणीच्या राजकीय लायकीचा पुरावा मानायचा, ही रीत दरबाराचीच होती. सत्तेला जाब कारभाराचा विचारावा आणि उत्तरही कारभारानेच द्यावं. घर पुढे केलं की कारभार सुटतो आणि घर मात्र सापडतं.