धुके आणि मासळी

विन्स्लो होमर या अमेरिकन चित्रकाराचे १८८५ सालचे एक तैलचित्र बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. वल्ह्यांच्या लहानशा होडीत एकटा कोळी, मागच्या टोकाशी अवजड हॅलिबट मासे, दूर क्षितिजावर गलबत आणि तेथेच चढत येणारे धुके. वल्हवणाऱ्याची पाठ नेहमी जायच्या दिशेला असते. मान वळवून तो गलबत शोधतो. मान सरळ केली की पुढ्यात मासळीच! ती टाकली तर होडी हलकी होईल. मग तो टाकत का नाही?

'लोभ', असे आम्ही प्रवचनात चटकन म्हणून गेलो असतो. पण ती मासळी म्हणजे त्याच्या घरची रोजची भाकर. तीच तर आपण प्रभूच्या प्रार्थनेत मागतो. पेत्राने सर्वस्व सोडले खरे, पण लूक सांगतो, मचवे किनाऱ्याला लावल्यावर. या कोळ्याचा किनारा कुठे आहे? त्याला दोषी ठरवायला आमची जीभ रेटत नाही.