पिवळा दिवा



गेल्या फेब्रुवारीत आम्ही घरातील पाच जण नाशिकला बाळ येशूच्या यात्रेला निघालो. गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा तीन आठवडे लागलेला होता. "दिवा लागलाय रे, कुणाला तरी दाखव," असे आई दोनदा म्हणाली. पण गाडी चालत होती, आणि आम्हाला सवड नव्हती. निघण्याच्या आदल्या दिवशी गॅरेजमध्ये गेलो आणि म्हणालो, "एवढा दिवा घालवून द्या." मेकॅनिकने स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला, नोंद पुसली. दिवा विझला. आम्ही समाधानाने घरी आलो.

कसारा घाट चढू लागलो तसे इंजिन धक्के देऊ लागले आणि तोच दिवा पुन्हा लागला. या वेळी तो उघडझाप करीत होता. गाडी कडेला घेतली. आई उन्हात एका दगडावर बसली. ती काहीच बोलली नाही. तेच आम्हाला अधिक लागले.

गाडी टोचन करून इगतपुरीला नेली. तेथील मेकॅनिकने आधी काहीच पुसले नाही. त्याने कोड वाचला : पी ०३०२. म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. "कोड जागा सांगतो, कारण आपण शोधायचं," तो म्हणाला. स्पार्क प्लग ठीक होता. मग त्याने दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या इग्निशन कॉइलची अदलाबदल केली आणि इंजिन थोडा वेळ चालवले. आता कोड आला पी ०३०३. कॉइल जिथे गेली, तिथे दोष गेला. कारण सापडले. नवी कॉइल बसवली आणि मगच त्याने नोंद पुसली.

त्याने आम्हाला समजही दिली. दिवा स्थिर असेल तर लवकर तपासून घ्या. उघडझाप करीत असेल तर ताबडतोब थांबा. कारण न जळलेले पेट्रोल पुढे जाऊन धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटते आणि त्याचा नाश करते. कॉइलपेक्षा तो भाग कितीतरी महाग.

बंधुभगिनींनो, देवाने प्रत्येकाच्या अंतःकरणातही असा एक दिवा ठेवला आहे. त्याला आपण सदसद्विवेकबुद्धी म्हणतो. तो आपला वैरी नाही, राखणदार आहे. तरी आपण त्याला विझवायला पाहतो. 'सगळेच करतात', 'आता वेळ नाही', 'चाललंय ना!' दावीद राजाचेही चालले होते. उरीयाची पत्नी घेतली, उरीयाला रणात मारविले, आणि राज्यकारभार सुरूच राहिला. शेवटी नाथान संदेष्ट्याला गरिबाच्या कोकराची गोष्ट सांगावी लागली. दावीद त्या गोष्टीतल्या श्रीमंतावर संतापला, तेव्हा नाथानाने त्याला त्याचेच पाप दाखविले.

प्रायश्चित्त संस्कारात मिळणारी क्षमा खरी असते. पण दरवेळी आपण तीच यादी घेऊन जात असू, तर आपण कोड वाचून दाखवतो, कारण शोधत नाही. 'मला राग येतो' हा कोड झाला. तो राग कुठून येतो? शेजारी बदलला, नोकरी बदलली, तरी भांडण तेच राहिले, तर दोष जागेचा नाही. तो आपल्याबरोबर सरकतो आहे.

हे आम्ही दुसऱ्यांना सांगत नाही. थोरल्या काकांच्या घराशी बांधावरून आमचा आठ वर्षे अबोला होता. दोन्ही घरे एकाच मिस्साला, वेगळ्या बाकांवर. आम्ही नेहमी काकांचेच दोष मोजले. पण मधल्या काळात दुसऱ्या शेजाऱ्याशीही कुंपणावरून आमचे वाजले होते. नाशिकहून परतताना आईने एवढेच विचारले, "काकांकडे कधी जायचं?" आणि कॉइल कुठे आहे ते आम्हाला कळले.

राखेच्या बुधवारी संध्याकाळी आम्ही गेलो. काकू दारात क्षणभर थबकल्या, मग आत या म्हणाल्या. चहा झाला. बांधाचा प्रश्न अजून मिटलेला नाही. पण जक्कयाने येशूला घरात घेतले तेव्हा तो नुसता रडला नाही, लुबाडलेले चौपट परत करायला निघाला. आम्हालाही काही परत करावे लागेल, हे आता आम्ही मान्य केले आहे.

मेकॅनिक म्हणाला होता, नोंद पुसली तरी गाडीतला संगणक लगेच सर्व ठीक मानत नाही. काही दिवस गाडी चालली की तो एकेक तपासणी पुन्हा पूर्ण करतो. समेटाचेही तसेच आहे. काकांनाही तेवढा वेळ द्यायला हवा.

या प्रायश्चित्तकाळात रात्रीच्या प्रार्थनेनंतर पाच मिनिटे शांत बसू या. कोणता दिवा लागला आहे ते प्रभूला विचारू या. तो उघडझाप करीत असेल तर घाट चढायचा हट्ट नको. तिथेच थांबू या. वेदीवर अर्पण आणण्याआधी भावाकडे जा, असे प्रभूनेच शिकविले आहे. ते भावाचे दार गाठण्याचे धैर्य तो आपल्याला देवो. आमेन.