देणाऱ्याच्या पदरात

रक्तदान शिबिरात ज्यांना रक्त देता येत नाही, त्यांच्याकडे एकदा नीट पाहावं. महापालिकेच्या शाळेचा हॉल, बाकं भिंतीला लावलेली, दाराशी फॉर्म भरून घेणारं टेबल, त्यापुढे वजनकाटा. मग बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब निळ्या द्रावणात सोडतात. थेंब झटकन तळाशी गेला तर हिमोग्लोबिन पुरेसं आहे. वरच रेंगाळला तर नाही. नियमानं साडेबारा ग्रॅम लागतं. रांगेतल्या कितीतरी बायकांचा थेंब वरच राहतो. परिचारिका समजुतीनं सांगते, पालेभाज्या खा, गोळ्या सुरू करा, पुढच्या वेळी या. आणि घरचं आवरून, ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेली ती बाई खट्टू होऊन उठते. सोबतची मैत्रीण आत खाटेवर मुठीत चेंडू दाबत पडलेली असते. तिची पर्स सांभाळत ही बाहेर बसून राहते.

मला हे खट्टू होणं फार महत्त्वाचं वाटतं. तिचं काही गेलेलं नाही. सुई टोचायची राहिली, अंगातलं रक्त अंगातच राहिलं. व्यवहारानं पाहिलं तर ती फायद्यात आहे. तरीही आपल्याला काहीतरी मिळायचं होतं आणि ते हुकलं, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येतं. रक्तपेढीत काम करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. एकदा परत पाठवलेला माणूस पुन्हा यायला कचरतो, म्हणून नकार देताना ते शब्द जपून वापरतात. देण्यात देणाऱ्याला काही मिळतं का, या प्रश्नाचं उत्तर मला रक्तदात्यांच्या मनोगतांपेक्षा या परत गेलेल्या बायकांमध्ये अधिक खरं सापडतं.

आपल्याकडे हा प्रश्न विचारायलाही लोक संकोचतात. दान केलं आणि बरं वाटलं, असं कबूल केलं की दानाचं मोल उतरलं, अशी एक समजूत आहे. फळाची आशा धरू नये हे लहानपणापासून कानावर पडलेलं. पण गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे जे तीन प्रकार सांगितले आहेत, ते नीट पाहिले तर आक्षेप कशाला आहे ते कळतं. परतफेडीच्या आशेनं किंवा कुरकुरत दिलेलं ते राजस. तुच्छतेनं, अपात्री दिलेलं ते तामस. आणि परतफेड करू न शकणाऱ्याला, योग्य स्थळी, योग्य वेळी, दिलंच पाहिजे म्हणून दिलेलं ते सात्त्विक. नकार आहे तो सौद्याला. देताना होणाऱ्या आनंदाला कुठे मनाई केलेली दिसत नाही. उलट जो उपकार फेडूच शकत नाही त्याला देण्यात सौद्याची वाटच बंद होते, आणि मग जे उरतं ते निर्भेळ असतं. ते काय असतं हे शोधायला रक्तदानासारखी दुसरी जागा नाही, कारण इथे घेणारा कोण हे देणाऱ्याला कळतसुद्धा नाही. एका पिशवीतून लाल पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा वेगळे करतात. ते तीन वेगवेगळ्या माणसांना जाऊ शकतात. तिघांपैकी कोणीही ‘थँक्यू’ म्हणायला येत नाही.

मग आनंद होतो तो कृतज्ञतेचा नव्हे, हे एवढ्यावरूनच ठरतं. तो कृतीचाही नाही, आणि याचा पुरावा आपल्या डोळ्यांदेखत घडून गेला आहे. १९९८ च्या आधी या देशात रक्त उघडपणे विकलं जात असे. मोठ्या इस्पितळांच्या आसपास रक्त विकून पोट भरणारे लोक असत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून व्यावसायिक रक्तदात्यांवर बंदी आली. आता विचार करा: तीच खाट, तीच सुई, तोच दंडाला बांधलेला पट्टा, तेवढंच रक्त. शरीराच्या दृष्टीनं विकणाऱ्यात आणि देणाऱ्यात तसूभर फरक नाही. पण एक जण नाइलाजानं यायचा, आपला आजार लपवायचा, कारण खरं सांगितलं तर त्या दिवसाचे पैसे बुडायचे, आणि मान खाली घालून निघून जायचा. दुसरा चहा-बिस्किटं खाऊन, कोपराच्या खोबणीत कापसाचा बोळा धरून, घरी फोन करून सांगतो की मी आज रक्त दिलं. सगळं तेच असून एवढा फरक पडतो तो केवळ एक ‘देणं’ आहे आणि दुसरं नाही, म्हणून.

रिचर्ड टिटमस या ब्रिटिश अभ्यासकानं १९७० सालीच ‘द गिफ्ट रिलेशनशिप’ या पुस्तकात अमेरिकेतलं विकतचं रक्त आणि ब्रिटनमधलं ऐच्छिक रक्त यांची तुलना केली होती. पैसे मोजून घेतलेलं रक्त अधिक धोक्याचं असतं, हा त्याचा एक निष्कर्ष. त्याहून खोल होतं ते त्याचं दुसरं म्हणणं: रक्ताचा बाजार मांडला की माणसाचा देण्याचा हक्कच हिरावला जातो. अनेक अर्थतज्ज्ञांना हे पटलं नव्हतं. फुकट देणारे आहेतच, वर पैसे देऊ केले तर आणखी येतील, असा त्यांचा साधा हिशेब. पुढे स्वीडनमध्ये दोन संशोधकांनी ते तपासून पाहिलं. त्यांचा निबंध २००८ साली आला. रक्तदाता होण्यासाठी लागणाऱ्या तपासणीला तयार आहात का, असं विचारल्यावर स्त्रियांपैकी ५२ टक्के तयार झाल्या. पन्नास क्रोनर देऊ म्हटल्यावर ते प्रमाण ३० टक्क्यांवर घसरलं. आणि ते पैसे हवे तर कर्करोगग्रस्त मुलांच्या संस्थेला देता येतील, असं सांगितल्यावर पुन्हा ५३ टक्क्यांवर आलं. पुरुषांत असा ठळक फरक दिसला नाही. पण त्या स्त्रियांपुरतं तरी पैशानं बक्षीस वाढलं नाही, आधीचं बक्षीस पुसलं गेलं.

त्याच वर्षी ‘सायन्स’मध्ये आलेला कॅनडातला एक छोटा प्रयोग प्रसिद्ध आहे. लोकांना सकाळी पाच किंवा वीस डॉलरचं पाकीट दिलं, संध्याकाळी पाचच्या आत खर्च करा म्हणून सांगितलं. काहींनी स्वतःवर, काहींनी दुसऱ्यावर. दुसऱ्यावर खर्च करणारे संध्याकाळी अधिक आनंदात होते, आणि रक्कम किती होती यानं फरक पडला नाही. प्रयोग लहान होता, त्यावर फार भार टाकू नये. पण रक्कम गौण ठरली ही गोष्ट आपल्या अनुभवाशी जुळते. रक्तदानात तर रकमेचा प्रश्नच मिटलेला असतो. कारखानदार असो की रिक्षावाला, पिशवी साडेतीनशे मिलिलिटरची. वजन भरत असेल तर फार तर साडेचारशेची. इतर कुठल्याही देणगीत फलकावर कोणाचं नाव वर, कोणाचं खाली, हे रकमेवर ठरतं. इथे खाटा एका ओळीत असतात.

म्हणूनच शिबिरांमधून वाटल्या जाणाऱ्या भेटवस्तू मला खुपतात. डबे, बॅगा, हेल्मेटं. मंडळांचा हेतू चांगला असतो, गर्दी जमावी हा. पण ज्या तरुणाला देण्याचा पहिला अनुभव मिळणार होता, त्याला आपण मोबदला घेतल्याचा अनुभव देऊन घरी पाठवतो. शिवाय डब्याच्या ओढीनं आलेला माणूस फॉर्मवरच्या प्रश्नांना खरी उत्तरं देईलच असं नाही. इस्पितळाच्या दारात नातेवाइकाला ‘आधी दोन बॉटलचे डोनर आणा’ म्हणून अडवतात, तेव्हाही हेच होतं. धावपळ करून आणलेला मेहुणा किंवा मित्र रक्त देतो खरा, पण ती वसुली असते. असा माणूस पुढे आपणहून फारसा फिरकत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही.

एवढं सगळं म्हटल्यावर प्रश्न उरतोच. मिळतं ते नेमकं काय? पुण्य म्हणणारे पुण्य म्हणतील. मेंदूतल्या रसायनांची नावं घेणारे ती घेतील. मला वाटतं, मिळते ती एक खात्री, की आपण जगाला लागतो. एरवी आपल्यापैकी बहुतेकांची जागा दुसरा कोणीही घेऊ शकतो. नोकरीत तर हे रोज जाणवून दिलं जातं. पण आपल्या हाडांच्या पोकळीत तयार झालेलं, कारखान्यात करता न येणारं काहीतरी एखाद्या अनोळखी बाळंतिणीला लागतं, हे कळल्यावर आपल्या असण्याला वेगळं वजन येतं.

‘बॉम्बे’ रक्तगटाच्या माणसांना हे वजन सर्वांत जास्त कळत असेल. डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईत या गटाची नोंद केली. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एखाद्याचा असा गट असतो. साध्या चाचणीत तो ‘ओ’ वाटतो, पण ‘ओ’ गटाचं रक्त या माणसांना चालत नाही. फक्त आपल्याच गटाचं चालतं. त्यामुळे हे दाते एकमेकांना धरून असतात आणि फोन आला की निघतात. २०२४ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातला असा एक जण चारशेहून अधिक किलोमीटर गाडीनं जाऊन इंदूरच्या एका अत्यवस्थ स्त्रीला रक्त देऊन आला. त्याची काय मोठी सोय झाली असेल? कामधंदा बुडाला, लांबचा प्रवास झाला. तरी अशा माणसांशी बोलावं तर त्रासाचा उल्लेख ओझरता असतो, आणि वेळेवर पोचलो हे सांगताना आवाज बदलतो.

आपण लागतो, ही खात्री अन्नपाण्याइतकीच गरजेची आहे आणि ती सगळ्यात कमी मिळते ती सतत घेणाऱ्यांना. हे ज्यांनी सर्वांत स्पष्ट ओळखलं, ते बाबा आमटे. १९५१ साली सहा कुष्ठरोगी, पत्नी साधनाताई, दोन लहान मुलं, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये एवढ्यावर वरोऱ्याजवळच्या माळावर आनंदवन सुरू झालं. औषध आणि अन्न देऊन बाबांना थांबता आलं असतं. तेवढ्यानंही त्यांना लोकांनी देवमाणूसच म्हटलं असतं. पण त्यांनी विहिरी खोदल्या, शेती केली, आणि रुग्णांकडूनच करून घेतली. पुढे साठच्या दशकात आनंदवनातल्या त्याच झडलेल्या बोटांच्या हातांनी एक महाविद्यालय बांधलं. ते कुष्ठरोग्यांसाठी नव्हतं. वरोरा परिसरातल्या निरोगी मुलामुलींसाठी होतं. ज्या समाजानं यांना गावाबाहेर काढलं त्याच्या मुलांना यांनी कॉलेज दिलं. महाराष्ट्रात याहून मोठं दान झालं असेल, पण त्या दिवशी दात्यांच्या पदरात जे पडलं तेवढं क्वचितच कोणाच्या पडलं असेल. भीक घालणाऱ्यांनी वर्षानुवर्षं जे त्यांच्याकडून काढून घेतलं होतं, ते त्यांनी विटा रचून परत मिळवलं.

म्हणून ज्यांचा थेंब वरच राहतो त्या बायकांचं मला वाईट वाटतं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. शेवटी जेवायचं, उरेल ते खायचं, याचे परिणाम बाळंतपणात दिसतात हे आपण नेहमी बोलतो. पण जी घरात आयुष्यभर देत आली, तिला घराबाहेरच्या अनोळखी माणसाला काही देण्याचं सुखही या उपासमारीनं नाकारलं आहे, हे कोणी मोजत नाही.

राहिली गोष्ट योग्य वेळेची. गणपतीत मंडळोमंडळी शिबिरं होतात, पुढाऱ्यांच्या वाढदिवसांना होतात, आणि एकेका दिवशी रक्ताचे ढीग लागतात. लाल पेशी जेमतेम पाच-सहा आठवडे टिकतात, प्लेटलेट पाच दिवस. दिवाळी येईपर्यंत गणपतीतलं रक्त संपलेलं किंवा बाद झालेलं असतं. कॉलेजं बंद, ऑफिसं रिकामी, निम्मं शहर गावी. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र दर पंधरा-वीस दिवसांनी रक्त लागतं, सण असो नसो. देण्याचा आनंद आपल्या सोयीच्या तारखेला बांधला की तो अर्धा आपल्याच कौतुकात जातो. पुरुषाला नव्वद दिवसांनी, स्त्रीला एकशेवीस दिवसांनी पुन्हा रक्त देता येतं. कॅलेंडरवर तेवढी खूण करून ठेवणारे, हारतुऱ्यांशिवाय रक्तपेढीत जाऊन खाटेवर आडवे होणारे लोक प्रत्येक शहरात आहेत. त्यांचा फोटो कुठे येत नाही.

अशा लोकांना फोन करणारी एक मुलगी मला ठाऊक आहे. तिला स्वतःला थॅलेसेमिया आहे. लहानपणापासून किती जणांचं रक्त तिच्या अंगात गेलं याची मोजदाद नाही, आणि त्यातल्या एकाचंही नाव तिला माहीत नाही. तिला कधीच रक्त देता येणार नाही. कॉलेज संपल्यावर ती एका रक्तपेढीत संध्याकाळची जायला लागली. तिच्याकडे एक लांब वही आहे: नाव, गट, शेवटचं कधी दिलं, नव्वद दिवस कधी भरतात, सकाळी फोन चालतो की रात्री. दुर्मीळ गटाची पानं मुडपून ठेवलेली. समोरचा माणूस हो म्हणाला की ती नावापुढे वेळ लिहिते आणि लगेच पुढचा नंबर लावते. आपलं रक्त भरून घ्यायच्या दिवशी, एका हाताला नळी लावलेली असताना, दुसऱ्या हातानं तिनं फोन लावलेले मी पाहिले आहेत. दमत नाहीस का, असं विचारल्यावर तिनं सांगितलं की उलट ज्या दिवशी वही उघडत नाही त्या दिवशी ती दमते. यंदा धनत्रयोदशीच्या आठवड्यासाठी ओ निगेटिव्हच्या पानावर तिच्याकडे तीन नावं आहेत. पाच लागणार आहेत.