उसनी कॅसेट

गेल्या दिवाळीत आमच्या पुतण्याने बैठकीच्या खोलीत टीव्हीखाली एक लहानसा संगणक मांडला. साहित्य पाहून घरातल्या वडीलधाऱ्यांना हसू आले. तळहातावर मावेल असा रास्पबेरी पायचा बोर्ड, नखाएवढे मेमरी कार्ड, मोबाइलच्या चार्जरसारखा दिसणारा वीजपुरवठा, टीव्हीला जोडायची एचडीएमआय वायर आणि दोन जॉयस्टिक; झाले. बोर्डाला घर हवे म्हणून त्याने दराब्याच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्याला उष्णता बाहेर पडण्यापुरती भोके पाडली. बऱ्हाणपुरात दराब्याचे खोके कोणत्या घरी नसते!

या यंत्रावर आमच्या बालपणीचे व्हिडिओ गेम चालतात. 1983 साली जपानात निन्टेन्डोचे फॅमिकॉम नावाचे यंत्र आले. काम करताना वापरायची त्याची स्मृती अवघी 2 किलोबाइट. 1985 चा मारिओ 40 किलोबाइटांत बसला होता. आजचा संगणक त्या जुन्या यंत्राचे सोंग घेतो. जुन्या चिपने जी आज्ञा जशी पाळली असती तशीच तो ती पाळतो, आणि आपण दुसऱ्याच्याच घरी नांदत आहोत याचा खेळाला बिचाऱ्याला पत्ताही नसतो. अशा सोंग घेणाऱ्या प्रोग्रॅमला इम्युलेटर म्हणतात.

मग समोर जो दिसतो तो तोच खेळ काय? जुन्या यंत्राला एका आडव्या ओळीत आठांहून अधिक चित्रे दाखविता येत नसत, म्हणून गर्दी झाली की शत्रू लुकलुकत. इम्युलेटरमध्ये हा दोष एका बटनाने घालविता येतो. पुतण्याने तो घालविला आणि आम्हांस चुकल्याचुकल्यासारखे झाले. शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा अपपाठांवरच वाढलेल्या एखाद्या जुन्या भाविकालाही असेच वाटले असेल काय, असा विचार मनात आला. पण हा प्रश्न आम्ही समजत होतो तितका खोल नाही. नाथांनी इतरांचे अपपाठ काढले, आणि लुकलुकणे तर मूळ यंत्राचेच होते. शिवाय आमचे 'मूळ' तरी कोठे मूळ होते? 1990 च्या दशकात आपल्याकडे घरोघरी आलेली यंत्रे बहुतांशी फॅमिकॉमच्या नकलाच होत्या, आणि कॅसेटीही तशाच. आम्ही नकलेची नक्कल पाहून गहिवरलो, एवढेच.

खरा प्रश्न आमच्या वडिलांनी काढला. अण्णांनी शाळेत छत्तीस वर्षे शिकविले आणि खडूचा तुकडाही कधी घरी आणला नाही. त्यांनी विचारले, "हे खेळ विकत आणलेस का रे?"

"आजोबा, जुने खेळ आता विकत मिळतात कुठे?"

हे अगदीच खोटे नव्हे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 साली एक पाहणी प्रसिद्ध केली. 2010 पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी 87 टक्के खेळ तेव्हा बाजारात उपलब्ध नव्हते. जी वस्तू धनी विकत नाही आणि जतनही करीत नाही, तिची प्रत करून ठेवणाऱ्याला चोर म्हणायला आमची जीभ रेटत नाही. आमच्या देवघरात पणजोबांनी नकलून घेतलेली पोथी आहे. पोथी नकलून देणे हे तेव्हा पुण्यकर्म होते. मात्र मारिओ आणि कॉन्ट्रा त्या 87 टक्क्यांतले नव्हेत. कॉन्ट्राचा संग्रह कोनामीने 2019 साली पुन्हा विक्रीस काढला आहे. तेव्हा पोथीचा दाखला येथे लंगडा पडतो, आणि आम्ही तसे कबूलही केले.

त्यावर पुतण्याने कायदा काढला. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे, प्रोग्रॅमची प्रत रीतसर ज्याच्या ताब्यात आहे त्याला ती हरवण्या-बिघडण्यापासून बचाव म्हणून दुसरी प्रत करता येते. "आणि काका, कॉन्ट्राची कॅसेट माळ्यावर आहेच की. मी पाहिली आहे."

कॅसेट होती खरी. ती आमची नव्हती.

1996 च्या उन्हाळ्यात, आठवीची परीक्षा संपल्यावर, आम्ही ती गल्लीतल्या एका मित्राकडून चार दिवसांसाठी आणली. त्याच्या वडिलांचे लूमवरचे काम सुटले होते आणि ते कुटुंब सुरतेला जाण्याच्या तयारीत होते. त्याने कॅसेट मागितली तेव्हा "हरवली" असे आम्ही सांगितले. तो काही बोलला नाही. शेजारच्या लूमचा खडखडाट चालू होता. तो थांबावा आणि त्याने काहीतरी बोलावे, असे वाटल्याचे आजही आठवते. पुढे कित्येक दिवस आम्ही त्या कॅसेटला फुंकर मारमारून एकटेच खेळलो. कॉन्ट्रात तिसरा टप्पा धबधब्याचा. दोघे मिळून वर चढायचे असते. एकाने घाई केली की पडदा वर सरकतो आणि मागे राहिलेला खाली पडून मरतो. एकट्याला हे भय नसते.

आता कोणी म्हणेल, कॅसेटच मुळात चोरीच्या मालाची. तीत तुम्ही कसली चोरी केली? हा युक्तिवाद आम्हीही कित्येक वर्षे मनाशी केला आहे. पण कंपनीचे जे काही बुडाले ते ती कॅसेट बनली तेव्हाच बुडाले होते. मित्राचे बुडाले ते आमच्या एका शब्दाने, आणि त्या हिशेबात जपानची कंपनी कोठेच येत नाही. फुकट उतरविलेल्या प्रतीने कोणाच्या हातातले काही जात नाही, असे पुतण्या म्हणतो. ते खरेच आहे. त्याच्या अपराधाला, तो असलाच तर, समोर चेहरा नाही. आमच्या अपराधाला आहे. म्हणून त्याचा अपराध लहान ठरतो की त्याला केवळ दिसत नाही, हे ठरविण्याची योग्यता आमच्यात राहिलेली नाही. अण्णांत आहे, पण कॅसेटची हकीकत ऐकून ते उठून आत गेले.

या यंत्रात आणखी एक सोय आहे. खेळ हव्या त्या क्षणी राखून ठेवता येतो, आणि मेलो की नेमके त्याच क्षणी परतता येते. आमच्या वेळी लाईट गेली की सारे पहिल्यापासून. पुतण्याने एका संध्याकाळी धबधबा नऊदा राखून पार केला. आमचा जीव त्यात रमला नाही. की तसे परतता येते याचाच राग आला, हे सांगता येत नाही.

कॉन्ट्रा त्याने यंत्रावर ठेवलेला नाही. आम्ही सांगितले नव्हते. त्यानेच काढून टाकला. मित्राचे थोरले बंधू नवरात्रात इच्छापूरला देवीच्या दर्शनाला येतात, असे गल्लीतल्या एका आजींकडून समजले. कॅसेट पुसून कागदात गुंडाळली आहे. ती चालते की नाही, हे आम्ही लावून पाहिलेले नाही.