ऋण फिटते, दोष फिटतो काय?



कीर्तनात श्रोते हसले की कीर्तनकाराला बरे वाटते. आज मात्र अशाच एका हशाचे प्रायश्चित्त घ्यायला बसलो आहे. कर्मविपाकाचे निरूपण करताना मी वर्षानुवर्षे एक दृष्टांत देत असे. "रोग एकाचा आणि कडू काढा प्यायचा दुसऱ्याने, असे कुठे झाले आहे काय? पण ख्रिस्ती म्हणतात, पाप आम्ही केले, फेडले येशूने!" सभा खळखळून हसे आणि मी पुढे जाई.

दोन वर्षांपूर्वी नगरकडच्या एका गावी कीर्तन आटोपले, मंडळी पांगली, तेव्हा एक वृद्ध गृहस्थ पुढे आले. निवृत्त शाळामास्तर, धर्माने ख्रिस्ती. नमस्कार करून हळूच म्हणाले, "बुवा, कीर्तन गोड झाले. एकच विचारतो. तुमचा मोठा अपराध कुणी कधी माफ केला आहे का? केला असेल, तर त्या माफीचा खर्च कुणी सोसला?"

मला उत्तर सुचले नाही. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, कारण मला माझे थोरले बंधू आठवले. ते पुढे सांगतो.

आधी पूर्वपक्ष. ज्याचे खंडन करायचे त्याचे म्हणणे त्यालाही मान्य होईल असे मांडावे, ही पाठशाळेची पहिली शिस्त. मी तीच मोडली होती. अज्ञानाची सबबही नाही. थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने गोव्यात राहून हीच कथा मराठी ओवीत सांगितली आणि त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीच छापले गेले.

येशू यहुदी होते. यहुद्यांच्या यरुशलेमातील मंदिरात पशुयज्ञ चालत. प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बोकड आणीत. एकाचा बळी देत; दुसऱ्याच्या मस्तकावर हात ठेवून महायाजक लोकांची पापे उच्चारी आणि मग त्याला रानात सोडून देत. वल्हांडण सणाला कोकराचा बळी होई. मिसर देशातील दास्यातून सुटल्याची ती आठवण. याच सणाच्या सुमारास, इसवी सन ३० च्या आसपास, रोमन सुभेदार पंतय पिलात याच्या हुकुमाने येशूंना क्रुसावर खिळले. शिष्यांनी ते मरण यज्ञाच्या भाषेत ओळखले: कोकरू हेच, आणि हा यज्ञ एकदाच, सर्वांसाठी. पुढे सन ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडले आणि तेथील यज्ञही थांबले.

पण एकाच्या मरणाने दुसऱ्याचे पाप फिटते कसे? ३२५ व ३८१ सालच्या धर्मपरिषदांनी ठरविलेल्या मतात, येशू आपल्या तारणासाठी मनुष्य झाले, क्रुसावर गेले, एवढे आहे. कसे, याची मीमांसा नाही. म्हणून त्यांच्या आचार्यांत मतभेद झाले. अन्सेल्म नावाच्या धर्मगुरूने १०९८ साली लिहिले की पाप म्हणजे देवाचे देणे बुडविणे. देणे माणसाचे, पण ऐपत फक्त देवाची. म्हणून देवानेच मनुष्य होऊन ते फेडणे भाग पडले. त्यानंतर काही दशकांनी पॅरिसचा आबेलार म्हणाला की क्रुसावरचे प्रेम पाहून माणसाचे मन पालटते, आणि ते पालटणे हेच तारण. १७९३ साली कांट या जर्मन तत्त्वज्ञाने आक्षेप घेतला: पैशाचे कर्ज कुणीही फेडू शकतो, दोष मात्र ज्याचा त्याचाच. माझा काढ्याचा दृष्टांत म्हणजे हाच आक्षेप, पण टवाळीच्या वेशात!

आता बंधूंची गोष्ट. विशीत असताना मी सुटीला घरी आलो आणि दादांनी बियाण्यासाठी ठेवलेले पैसे नाटकाच्या नादात उडविले. दादांना कळले. ते मला एक शब्दही बोलले नाहीत. आईला म्हणाले, "पैसे माझ्याच हातून गेले." जोडीतला एक बैल विकून त्यांनी बी आणले. त्या साली शेजाऱ्याशी सावड केली. आधी त्याचे रान नांगरायचे, मग आपले. गावात दादांनाच उधळ्या म्हणत आणि मी ते ऐकत असे.

ऋण तर फिटले. दोष फिटला काय? नाही. उलट दादांना त्या एका बैलामागे चालताना पाहिले की तो अधिकच टोचे. दिवाळीला आईच्या पायांवर डोके ठेवून खरे सांगितले, तेव्हा कुठे गाठ सैल झाली.

मास्तरांच्या प्रश्नाचा उजेड इथे पडतो. दादा काही तिऱ्हाईत नव्हते. पैसा त्यांचा होता आणि तोटाही त्यांनीच सोसला. माफी दिली म्हणून तोटा नाहीसा होत नाही; माफ करणारा तो आपल्या अंगावर घेतो. ख्रिस्ती मतात येशू हे कुणी तिसरे नव्हेत, तो देवच. म्हणजे धनकोनेच कर्ज आपल्या अंगावर घेतले. 'निरपराध तिसऱ्याला शिक्षा' हे त्यांचे मत नव्हतेच, मीच ते रचून त्यावर हशा मिळविला. पण आक्षेपाचा अर्धा भाग उरतो: अपराध्याचे मन पालटल्यावाचून दोष हलत नाही. तेही पश्चात्ताप आवश्यकच मानतात.

राहिले पुनरुत्थान. पुनः म्हणजे परत, उत्थान म्हणजे उठणे. हा पुनर्जन्म नव्हे, प्रेतात प्राण परतणेही नव्हे. पौलाने दाण्याचा दृष्टांत दिला आहे: पेरलेला दाणा वेगळा, उगवलेले रोप वेगळे. येशू उठले नसतील तर आपली श्रद्धा व्यर्थ, असेही त्याने स्पष्ट लिहिले. का? रोमनांनी क्रुसावर असंख्य माणसे मारली. येशू उठले नसते तर त्या अन्यायांत आणखी एकाची भर, एवढेच उरते. उठले, ही त्यांच्या लेखी यज्ञ स्वीकारल्याची पावती आहे. आत्मा मरतच नाही हे ज्याने लहानपणापासून घोकले, त्या मला ही पावती आवश्यक वाटत नाही. हा मतभेद खरा आहे आणि तो मी झाकणार नाही. पण मतभेद वेगळा, टवाळी वेगळी.

असो. दादा आता नाहीत. मी त्यांच्याजवळ शेवटपर्यंत क्षमा मागितली नाही. आईजवळ मागितली, एवढेच. काढ्याचा दृष्टांत मी सोडला आहे. त्या जागी आता बैलाची गोष्ट सांगतो. सभा हसत नाही. मास्तर पुन्हा भेटले तर त्यांना उत्तर द्यायचे आहे: होय, केला होता माफ, आणि खर्च दादांनी सोसला.

रामकृष्णहरि.