माप दोन्ही हातांचं

बाजार मी अब्बांचं बोट धरून शिकले, लातूरच्या गंजगोलाईत. फय्याजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने आखलेली ही गोल पेठ. मधली दुमजली इमारत 1917 सालची, तिथेच अंबाबाईचं देऊळ आणि भोवताली 16 रस्ते. कुठे सोनं-नाणं, कुठे चपला, कुठे गूळ-मिरची. वर्षाची मिरची घेताना भाव पटला नाही की अब्बा काही न बोलता चालू लागत. दोन पावलांवर दुकानदाराची हाक येई. "बेटा, पुढे दुसरं दुकान आहे हे त्यालाही ठाऊक असतं आणि मागून दुसरं गिऱ्हाईक येणार हे मलाही," असं ते म्हणत. घासाघीस म्हणजे दोन बरोबरीच्या माणसांची बातचीत, हा समज मी तिथून घेतला.

त्या समजाला तडा गेला माहूरला. नांदेडपासून सुमारे 130 किलोमीटर दूर, सागाच्या जंगलातलं, डोंगरातलं हे गाव. रेणुकामातेमुळे महाराष्ट्राला माहीत असलेलं, आणि सोनापीरच्या दर्ग्यामुळे आमच्याही घरात ज्याचं नाव निघतं असं. अम्मींची मन्नत होती म्हणून काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आम्ही गेलो. उतरताच त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. जवळच्या एका दुकानात साधी रबरी चपल 180 रुपये. लातुरात तशीच मी 120ला घेतली होती. दुकानदार एक पैसा सोडेना. पैसे दिले, पण दिवसभर मनात एकच शब्द होता : लूट. अडल्या माणसाला हे लोक बरोबर ओळखतात!

संध्याकाळी परतीच्या वाटेवर बांगड्यांची टोपली दिसली. माहूरहून कुणी कुटलेलं तांबूल नेतं, कुणी दर्ग्याचं तबर्रुक. मला बहिणीसाठी आठवण म्हणून काही न्यायचं होतं. तीन डझनांचे मावशीने 150 सांगितले. आभाळ भरून आलं होतं, ती पसारा आवरत होती. मी 80 म्हटलं आणि अब्बांसारखीच दोन पावलं चालू लागले. तिची हाक आली. "घ्या ताई. सकाळपासून बोहनी नाही."

गाडीत मी हा सौदा मोठ्या हौसेने सांगितला. अम्मी एवढंच म्हणाल्या, "चपलवाल्याने तुझी अडचण पाहिली म्हणतेस. मग तू काय पाहिलंस?"

हा प्रश्न मी अजून बाजूला ठेवू शकलेले नाही. चपलवाल्याच्या बाजूने निदान काही बोलता येतं. त्याचा माल दुरून घाट चढून येतो, यात्रेचे दिवस सोडले तर पडून राहतो. ते 60 रुपये वाटखर्चाचे असू शकतात. त्याने 600 मागितले असते तर तो अडचणीचा भाव झाला असता, आणि त्याला लूट म्हणणं रास्त ठरलं असतं. पण मावशीचे जे 70 रुपये मी वाचवले, त्यात माझा कुठला खर्च होता? मी फक्त आभाळ पाहिलं होतं आणि भरलेली टोपली.

कुणी म्हणेल, तिने राजीखुशीने दिल्या, कुणी हिसकावून घेतल्या नाहीत. खरं आहे. पण ज्याला 'नाही' म्हणणं परवडतं, त्याच्याच 'हो'ला राजीखुशी म्हणावं. गोलाईतला दुकानदार अब्बांना खुशाल जाऊ देऊ शकत होता, म्हणून त्यांची ती दोन पावलं सचोटीची होती. माहूरच्या वाटेवर तीच दोन पावलं मी टाकली, तेव्हा ती धमकी झाली. चाल तीच होती. समोरचा माणूस बदलला होता.

कुरआनातली 83वी सूरा, अल-मुतफ्फिफीन, मापात मारणाऱ्यांविषयी आहे. लहानपणी वाटे, ही दुकानदारांसाठी असणार. पण तिच्या आरंभीच ज्यांना इशारा दिला आहे, ते लोक घेताना पुरेपूर मोजून घेतात आणि देताना कमी देतात. म्हणजे दोष नुसता तराजूत नाही, एकाच माणसाने बाळगलेल्या दोन मापांत आहे. माझ्या अडचणीचा फायदा घेतला तर लूट, दुसऱ्याच्या अडचणीचा मी घेतला तर हुशारी! ही माझी दोन मापं, आणि गिऱ्हाईक असून मी ती वापरली.

घासाघीस करूच नये, असं मी म्हणत नाही. तिच्याविना बाजार मुका होईल. आजही गोलाईत मी भाव करते. पण भाव पाडण्याआधी एक पाहते : मी निघून गेले तर या माणसाची रात्र कशी जाईल? उत्तर मिळतंच असं नाही. पण प्रश्न मनात आला की जीभ थोडी अडखळते, तेवढं पुरे.

बहिणीला बांगड्या फार आवडल्या. "कितीला पडल्या?" तिने विचारलं. एरवी मी 80 सांगून मिरवले असते. तोंडातून निघालं, "दीडशेला." खोटंच होतं ते. त्यातले 70 रुपये अजून माझ्याकडेच आहेत.