राजाश्रय आणि राजहेतू

फेब्रुवारी २०२२मध्ये अझरबैजानच्या संस्कृतिमंत्र्यांनी एक कार्यगट जाहीर केला. आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्यातल्या वादग्रस्त काराबाख प्रदेशातली जुनी चर्चे मुळात कॉकेशियन अल्बानियन लोकांची, त्यांवरचे आर्मेनियन लेख मागाहून घुसडलेले, म्हणून ते काढून टाकायचे, अशी त्यामागची भूमिका होती. (हे अल्बानियन म्हणजे कास्पियन समुद्राच्या पश्चिमेला नांदलेले प्राचीन लोक, बाल्कनमधल्या अल्बानियाशी त्यांचा संबंध नाही.) पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये एक लाखाहून अधिक आर्मेनियन लोकांना काराबाख सोडावे लागले. आर्मेनियन बाजू उत्तरादाखल 'जगातले पहिले ख्रिस्ती राष्ट्र' हे बिरुद आणि इ.स. ३०१ हे साल पुढे करते. ते साल ३०१ की ३१४, यावरही अभ्यासकांत वाद आहे. पण तो इथे गौण आहे.

गंभीर आहे ते दोन्ही बाजूंनी मिळून धरलेले गृहीत. धर्मग्रंथ, लिपी आणि चर्च ही राज्याची सनद आहे आणि ज्याची सनद जुनी त्याची जमीन, असे दोघेही मानून चालतात. राजकारण्यांनी असे बोलावे हे समजू शकते. पण प्राचीन बायबलच्या अभ्यासातही हेच गृहीत सभ्य वेषात वावरते, आणि तिथे त्याला कोणी फारसे अडवत नाही.

त्याचे विद्वन्मान्य रूप साधारण असे आहे. इ.स. ३८७च्या सुमारास रोम आणि इराण यांनी आर्मेनिया आपसात वाटून घेतला. पश्चिमेकडचा भाग रोमने लवकरच थेट ताब्यात घेतला. पूर्वेला इराणच्या छत्राखाली आर्मेनियन राजा टिकून राहिला. चर्चमध्ये वाचन ग्रीक नाही तर सिरियाक भाषेत चाले, म्हणजे शेजाऱ्यांच्या भाषांत. अशा वेळी राजा व्राम्शापुह याने स्वतःची लिपी आणि स्वतःचे बायबल घडवून घेतले, खिळखिळ्या सीमावर्ती राज्याला आतून बांधून घेण्यासाठी. लिपी हे राज्यबांधणीचे हत्यार होते, असा याचा निष्कर्ष.

मांडणी रेखीव आहे आणि तिला आधारही आहे. लिपीकार मेस्रोप माश्तोत्स याचा शिष्य कोरियुन याने गुरूचे चरित्र लिहिले. त्यात राजा ठळकपणे येतो. दानिएल नावाच्या सिरियन बिशपाकडे आर्मेनियनसाठी अक्षरे आहेत ही माहिती राजाच देतो, ती आणायला दूतही तोच पाठवतो. माश्तोत्स स्वतः एकेकाळी दरबारात लेखनिक होता. हे सगळे मान्य करायलाच हवे.

मात्र कोरियुनचा क्रम नीट पाहावा. माश्तोत्स दरबार सोडून तपस्वी होतो. गोग्थन प्रांतात धर्मोपदेश करत फिरतो, आणि आपल्या लोकांना शास्त्र त्यांच्याच भाषेत मिळावे ही तळमळ तिथे त्याच्या मनात मूळ धरते. तो आधी धर्मप्रमुख साहकाकडे जातो. राजा त्यानंतर येतो. दानिएलची अक्षरे अपुरी ठरल्यावर एदेसा, समोसाता अशी वणवण करून इ.स. ४०५च्या सुमारास ३६ अक्षरे सिद्ध होतात. भाषांतराचा आरंभ होतो तो नीतिसूत्रांपासून. राजाने दार उघडले, प्रवासाची सोय केली, सन्मान केला. याला राजाश्रय म्हणतात. काम कशासाठी झाले हा निराळा प्रश्न आहे. त्याचे उत्तर राजा असेल तरच त्याला राजहेतू म्हणता येईल. या दोहोंतला फरक पुसून टाकला की सीमाप्रदेशातल्या प्रत्येक ग्रंथामागे एक राज्य आपोआप उभे राहते.

हा फरक केवळ तर्काचा नाही, पुराव्याचा आहे. लिपी जर त्या राज्यासाठी असती, तर ती त्या राज्याच्या हद्दीत थांबली असती. तसे झाले नाही. माश्तोत्स कॉन्स्टँटिनोपलला गेला आणि रोमन हद्दीतल्या आर्मेनियन मुलांना ही अक्षरे शिकवण्याची परवानगी त्याने सम्राट दुसऱ्या थिओडोसियसकडून मिळवली. इराणच्या मांडलिक राजाचे हत्यार रोमच्या सम्राटाने आपल्या मुलखात येऊ दिले असते का?

त्याहून मोठा पुरावा सालांचा. इ.स. ४२८मध्ये आर्मेनियन सामंतांनी, म्हणजे नखरारांनी, स्वतःच तक्रार करून आपला शेवटचा राजा इराणकडून पदच्युत करवला. राजपद संपले. आणि इफिससच्या ४३१च्या धर्मसभेनंतर साहक आणि माश्तोत्स यांचे शिष्य ग्रीक बायबलची विश्वसनीय प्रत घेऊन परतले आणि घाईने झालेले पहिले भाषांतर तिच्याशी ताडून पुन्हा दुरुस्त केले गेले. ज्या राज्यासाठी ग्रंथ घडला म्हणतात ते राज्य गेल्यावर त्याची सर्वांत कसोशीची पाठशुद्धी झाली. लिपीला राज्याचे साधन मानणारे मत इथे मोडते.

त्यावर ठरलेला प्रतिवाद असा की राजाची जागा चर्चने घेतली होती. चर्च हेच पर्यायी राज्य होते. पण ४२८मध्ये साहकालाही धर्मप्रमुखपदावरून हटवले गेले आणि इराणने आपल्या पसंतीची माणसे त्या जागी बसवली. शिवाय स्युनिकचा अधिपती वासाक याने माश्तोत्सच्या कामाला मनापासून हातभार लावला, असे कोरियुन सांगतो. हाच वासाक पुढे इराणविरुद्धच्या ४५१च्या अवारायरच्या संघर्षात इराणच्या बाजूने राहिला आणि आर्मेनियन स्मृतीत द्रोही ठरला. राज्याच्या प्रश्नावर तलवारी उपसणारी माणसे ग्रंथाच्या प्रश्नावर एकत्र होती. हा ग्रंथ एका राजकीय बाजूचा नव्हता, याहून स्पष्ट साक्ष कोणती हवी?

'लिपीने राष्ट्र वाचवले' हे भाविक मतही टिकत नाही, आणि त्याचे खंडन खुद्द कॉकेशियन अल्बानियन करतात. माश्तोत्सने जॉर्जियन आणि अल्बानियन लोकांसाठीही अक्षरे रचली, असे कोरियुन लिहितो (जॉर्जियन अभ्यासकांना हे मान्य नाही). तिथेही राजे पाठीशी होते: जॉर्जियात बाकुर, अल्बानियात अर्स्वाघ. तिन्ही ठिकाणी राजाश्रय होता, तरी तिघांचे भवितव्य तीन तऱ्हेचे झाले; अल्बानियन लिपी तर लोपली. सिनाई पर्वतावरच्या संत कॅथरीन मठात १९७५मध्ये सापडलेल्या हस्तलिखितांत, जॉर्जियन मजकुराखाली खरवडलेली अल्बानियन अक्षरे जॉर्जियन अभ्यासक झाझा अलेक्सिद्झे यांनी ओळखली. तिथे उपासनेत वाचायचे उतारे आहेत, योहानाच्या शुभवर्तमानाचा भाग आहे. ज्यांच्या नावाने आज शिलालेख पुसायची भाषा होते, त्यांचे शास्त्र एका ख्रिस्ती मठातच खरवडले जाऊन दुसऱ्या भाषेखाली गेले होते.

आर्मेनियन ग्रंथपरंपरेने मात्र दुसऱ्यांचेही पुष्कळ राखले. प्राचीन ख्रिस्ती धर्माचार्य आयरेनिअस याचे प्रेषितांच्या शिकवणुकीवरचे मूळ ग्रीक लेखन हरवले. त्याचा आर्मेनियन अनुवाद येरेवानमध्ये १९०४मध्ये मिळाला. 'करिंथकरांस तिसरे पत्र' इतरांनी वगळले तरी आर्मेनियन हस्तलिखितांत दीर्घकाळ राहिले. यातले कोणतेही जतन कोणत्याही राज्याच्या कामाचे नव्हते. १५१२मध्ये व्हेनिसला पहिले आर्मेनियन पुस्तक छापले गेले, १६६६मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला बायबलची छपाई सुरू झाली, १७९४मध्ये मद्रासला हारुत्युन श्मावोन्यान यांनी 'अझदरार' हे पहिले आर्मेनियन नियतकालिक काढले. तिन्ही वेळी आर्मेनियन राज्य अस्तित्वात नव्हते.

म्हणून काराबाखच्या चर्चांबाबत अभ्यासकाने विचारायचा प्रश्न 'हे कोणाच्या राज्यातले' हा नाही. तिथे कोणत्या भाषेत वाचन होत होते, कोणत्या शतकात ती भाषा बदलली, हस्तलिखिते कोणी नकलून घेतली, कोणत्या घराण्याने खर्च केला आणि त्या खर्चाचा वाचनावर परिणाम झाला का, हे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे द्यायला भिंतींवरचे लेख जागेवर असावे लागतात, आर्मेनियन असोत की अल्बानियन.